मशीन अर्धं रिकामं होतं

“सोळा नाहीत हो साहेब, आठच आहेत,” फोनवरचा माणूस तिसऱ्यांदा म्हणाला.

“अहो, मी पडद्यासमोर बसलोय. शून्यापासून पंधरापर्यंत सोळा चौकोन आहेत. मला काय मोजता येत नाही?”

“दिसायला सोळा. खरे आठ.”

काका हसले. बावीस वर्षं ते या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातली मशीनं सांभाळत होते. कक्षात सगळे त्यांना सर्व्हरकाका म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. नवी ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायची म्हणून त्यांनी अर्ज भरून पाठवला होता. त्यातल्या ‘प्रोसेसर किती’ या रकान्यात त्यांनी सोळा लिहिलं होतं, आणि तेवढ्यासाठी हा पुरवठादाराचा माणूस अर्ज परत करायला निघाला होता.

“हायपरथ्रेडिंग म्हणतात त्याला,” तो सबुरीनं सांगू लागला. “तुमच्या सर्व्हरमध्ये दोन चिप आहेत, एकेकीत चार कोअर. म्हणजे काम करणारे आठ. आता असं समजा, एका कारकुनापुढे दोन ट्रे ठेवलेत. एका ट्रेतल्या कामाचा कागद आतून यायचाय, तोवर तो रिकामा बसत नाही, दुसऱ्या ट्रेत हात घालतो. तेवढंच थोडं काम जास्त निघतं. पण कारकून एकच ना? शून्य आणि एक हे एकाचे ट्रे, दोन आणि तीन दुसऱ्याचे, अशा जोड्या.”

“मग सिस्टीम मला सोळा का दाखवते?”

“तुमची सिस्टीम जुनी आहे. ती ट्रे मोजते. नवी असली तर आधी आठही जणांना एकेक काम देते, मगच कुणाच्या दुसऱ्या ट्रेला हात लावते. जुनीला सगळे ट्रे सारखेच. दोन अवजड कामं एकाच्याच डोक्यावर टाकेल, आणि शेजारचा माश्या मारत बसलाय हे तिच्या गावीही नसेल.”

काकांचं हसू जरा ओसरलं. “आणि वापर इतके टक्के, तितके टक्के असं दाखवते ते?”

“ते त्या सोळातलं. पन्नास टक्के दिसलं म्हणजे अर्धं मशीन मोकळं आहे, असं नाही धरायचं. सगळेच तसं धरतात म्हणा. तुम्ही काही एकटे नाही.”

काकांनी फोन ठेवला. अर्जावरचे सोळा खोडून आठ लिहिले, सही केली, तारीख घातली. मग डबा उघडला आणि दोन घास खाल्ल्यावर त्यांचा हात थांबला.

अठ्ठेचाळीस टक्के.

आठ महिन्यांपूर्वी चौकशीच्या खोलीत त्यांनी एक छापील आलेख टेबलावर ठेवला होता. त्यावरची हिरवी रेघ अठ्ठेचाळीसच्या आसपास होती. तो आलेख त्यांनी रंगीत छापून नेला होता, चार प्रती, प्रत्येकासाठी एक.

प्रकरण असं होतं. एका मंगळवारी अकरा वाजून सात मिनिटांनी एका बाईचा फोन आला. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो दुकानातच कोसळला होता. फोन घेतला आवाजबाईंनी. कक्षात त्यांना याच नावानं ओळखायचे, कारण रडणारं, ओरडणारं, शिव्या देणारं माणूस त्यांच्या आवाजापुढे दहा सेकंदांत शांत होऊन पत्ता सांगायचं. एकोणीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. त्या दिवशीही त्यांनी मिनिटभरात पत्ता घेतला, नोंद केली, कळ दाबली. पडदा हलेना. त्यांनी थोडं थांबून पुन्हा कळ दाबली. नोंद चालकाकडे पोचायला साडेचार मिनिटं जास्त लागली. घड्याळवाला वाचला, पण त्याची डावी बाजू गेली. साडेचार मिनिटांनी फरक पडला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

चौकशीच्या खोलीत तिघं बसले होते. त्यांतल्या कक्षप्रमुख साहेबांनी विचारलं, “मशीनमध्ये काही बिघाड?”

“मशीन अर्धं रिकामं होतं साहेब,” काका म्हणाले होते. “मशीनकडून काहीच अडचण नव्हती.”

“मग उशीर झाला कुठे?”

इथं त्यांनी ‘मला सांगता येणार नाही’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण रंगीत आलेख सगळ्यांच्या हातात होते, सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “कळ दोनदा दाबली गेलीये, त्यानं नोंद पुन्हा ओळीच्या शेवटी जाते. असतो एखाद्याचा हात जड. मशीन काय करणार त्याला?”

कुणीतरी हसलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आवाजबाईंनी आपले हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले होते. दोन आठवड्यांनी त्यांची बदली तळमजल्यावर झाली, जुन्या कागदांच्या खोलीत.

काकांनी डबा बंद केला. त्या मंगळवारची नोंदवही मशीनमध्ये शाबूत होती. दर पाच सेकंदांना कुठलं काम कुठल्या चौकोनात चाललं होतं, हे लिहून ठेवायची सोय त्यांनीच केली होती. तिचा त्यांना अभिमानही होता. फक्त ती कधी वाचली नव्हती, कारण हिरवी रेघ बघून भागत होतं.

अकरा वाजता रोजच्या रिपोर्टचं काम सुरू झालेलं दिसत होतं. चौकोन सहा. आलेल्या फोनच्या नोंदी पुढे पाठवणारं काम होतं चौकोन सातमध्ये. काकांनी पुरवठादाराच्या माणसानं सांगितलेल्या जोड्या कागदावर लिहून काढल्या. शून्य आणि एक, दोन आणि तीन, चार आणि पाच. सहा आणि सात. म्हणजे एकच कारकून. दहापासून पंधरापर्यंतचे चौकोन त्या वेळी कोरे होते. तीन कारकून हात बांधून बसले होते आणि चौथा दोघांचं ओझं ओढत होता. त्यातही रिपोर्टचं काम अधूनमधून नुसतं वाट बघत होतं, आणि वाट बघताना गप्प बसायच्या ऐवजी ‘झालं का, झालं का’ म्हणत त्या एकाच कारकुनाचा हात धरत होतं. अकरा वाजता फोन सगळ्यात जास्त येतात. नोंदींची ओळ वाढत गेली. सात मिनिटांनी आवाजबाईंची नोंद त्या ओळीच्या शेपटाला लागली; दुसऱ्यांदा कळ दाबली तेव्हाही ती तिथंच होती.

मशीन अर्धं रिकामं होतं. खरंच होतं. पण ती रिकामी बाजू आवाजबाईंच्या वाट्याला आलीच नव्हती.

यात अजून एक गोष्ट होती आणि तिच्यासाठी कुठली वही उघडायची गरज नव्हती. रिपोर्टचं काम पूर्वी पहाटे चालायचं. मध्येच अडकलं की काकांना घरी फोन यायचा आणि उठून यावं लागायचं. म्हणून त्यांनीच ते अकरा वाजता लावून घेतलं होतं. त्यानंतर आवाजबाई तीनदा येऊन सांगून गेल्या होत्या. “काका, अकराच्या सुमाराला पडदा अडकतो हो.” तिसऱ्या वेळी काका म्हणाले होते, “बाई, बोटं जरा चपळ चालवा.”

त्या दुपारी त्यांनी रिपोर्टचं काम पुन्हा पहाटेवर नेलं. नोंदींच्या कामाला एक कोअर राखून ठेवला आणि त्याचा दुसरा ट्रे कुणालाच मिळणार नाही अशी व्यवस्था केली. जेमतेम वीस मिनिटांचं काम होतं. वीस मिनिटं!

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते कक्षात गेले तर पाळीप्रमुख खुर्चीतून उठूनच आला. “काका, काय जादू केलीत? सकाळपासून एकदाही अडकलं नाही!”

“काही नाही, थोडं इकडचं तिकडे केलं.”

“उगाच नाही सर्व्हरकाका म्हणत!” कुणीतरी टाळी वाजवली, मग अजून दोघांनी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आता एक नवी मुलगी बसायची. तिनं कानावरचा फोन जरा बाजूला केला आणि म्हणाली, “काका, माझाही पडदा अकराला अडकायचा. मला वाटायचं मीच हळू आहे. भीतीनं कुणाला सांगितलं नाही.”

काका हसले, मान हलवली आणि जिन्यापर्यंत आले. तिथं कठड्याला धरून ते थोडा वेळ उभे राहिले. कान इतके तापले होते की खालून वर येणारा शिपाई म्हणाला, “काका, बरं नाही का? बसा जरा.”

साहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. कागदावरच्या जोड्याही नीट बघितल्या. मग कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

“आता नीट चालतंय ना?”

“हो साहेब.”

“मग झालं तर. चौकशी बंद झालीये. पुन्हा उघडायची म्हणजे त्या दुकानदाराचे लोक येणार, वरचे विचारणार, तुम्हालाही बोलावणार. तुमचे राहिलेत किती? चौदा महिने?”

“चौदा.”

“मशीन दुरुस्त झालं, तेवढं पुरे. त्या बाईंना खाली त्रास काहीच नाही. फोन नाही, घाई नाही.”

काका तळमजल्यावर गेले. तिथं छतापर्यंत लोखंडी मांडण्या होत्या, आणि दोन मांडण्यांच्या मध्ये एका टेबलावर आवाजबाई जुन्या फायलींच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या. काकांना बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. आठ महिन्यांत काका पहिल्यांदाच या खोलीत आले होते.

काका उभ्यानंच बोलू लागले. ट्रे, कारकून, सहा आणि सात, अकराचा रिपोर्ट. मध्येच अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. आवाजबाईंनी चिठ्ठी हातात तशीच धरून ठेवली होती.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मला ते ट्रे वगैरे नका सांगू. माझा हात जड नव्हता, असं म्हणताय का तुम्ही?”

“नव्हता.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी हातातली चिठ्ठी सरळ केली. बोलल्या तेव्हा आवाज तोच होता, संथ, एका पट्टीतला. “मी घरी टायपिंग करते रोज. मुलीचा जुना कीबोर्ड आहे. संध्याकाळी स्वयंपाक झाला की अर्धा तास. मुलगी विचारते, आई, तू कुणाला लिहितेस? मी म्हणते, कुणाला नाही गं, बोटं मोकळी करतेय.” त्यांनी चिठ्ठी फायलीवर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबली. “त्या घड्याळवाल्यांकडेही गेले होते दोनदा. दारापर्यंत. बेल दाबायला हात होईना. काय सांगणार होते? माझ्या हातांमुळे झालं, असं?”

काकांची मान वर होईना. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “मला माफ करा.”

“हे लेखी द्याल?”

प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर काकांना यायला हवं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे चौदा महिने आले, साहेबांनी सरकवलेला कागद आला, निरोपाच्या दिवशी कक्षात होणारी भाषणं आली. दोन-तीन सेकंदच गेले असतील. एकोणीस वर्षं फोनवर माणसाच्या श्वासावरून मन ओळखणाऱ्या बाईला तेवढे पुरेसे होते.

“राहू द्या,” आवाजबाई म्हणाल्या आणि पुढची फाईल ओढून घेतली. “सांगायला आलात, तेच खूप.”

रात्रीच्या जेवणाला काकांनी पोळीचे तुकडे केले आणि तसेच ठेवले. त्यांची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत काम करून नुकतीच निवृत्त झाली होती. काचेच्या भांड्याला गेलेला तडा तिला लांबून दिसायचा.

“काय झालंय?”

त्यांनी सांगितलं. कारकुनांचं तिला लगेच कळलं. “तिला तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणालात, ते पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

“सांगितलं ना.”

“घाईघाईत सांगितलंत. नीट सांगा.”

काकांनी तोंड उघडलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी, स्वतःच्या बायकोपुढे ते एक वाक्य त्यांना म्हणवेना. शेवटी ताटाकडे बघत म्हणाले, “हात जड असतो एखाद्याचा, म्हणालो.”

बायकोनं पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, “लेखी देत नाही ते चौदा महिन्यांसाठी का?”

“हो.”

“मग तसं तिला सांगून या. निदान ते तरी तिला खरं कळू दे.”

“असं कसं सांगणार?”

“तेच म्हणतेय मी. ज्याचा उच्चारही करवत नाही, ते करू नये माणसानं.”

पत्र लिहायला काकांना तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द पाच वेळा आले होते. बायकोनं ते पाचही पेन्सिलीनं गोल केले. दुसऱ्या मसुद्यात ते दोनच उरले. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं की अकरा वाजताची वेळ मी माझ्या सोयीसाठी लावली होती, तक्रार माझ्याकडे तीनदा आली होती, आणि चौकशीत मी जे सांगितलं ते मला माहीत नसताना सांगितलं. शेवटी एक विनंती केली: हे पत्र त्याच खोलीत, त्याच तिघांसमोर, मला वाचू द्यावं.

साहेब चिडले. “तुम्हाला सांगून काही उपयोग नाही,” म्हणाले. पण लेखी आलेला कागद त्यांना परत देता येईना.

खोली तीच होती. आवाजबाईंना बोलावलं होतं, पण त्या आल्या नाहीत. काकांनी पत्र वाचलं. ‘तीनदा’ या शब्दाला त्यांचा आवाज फाटला, तेव्हा त्यांनी थांबून ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आलेख कुणी मागितला नाही. वाचून झाल्यावर एका सभासदानं विचारलं, “पण त्या वेळी तुम्हाला हे सोळा-आठचं माहीत नव्हतं ना? मग तुमचा दोष काय त्यात?”

“माहीत नव्हतं, हे माहीत होतं साहेब,” काका म्हणाले. “त्या आलेखावर बाई कशा टाईप करतात हे कुठं लिहिलं होतं? तरी मी बोललो.”

निकाल महिन्याभरानं आला. आवाजबाईंवरचा ठपका काढला. त्यांना जुन्या जागेवर यायचं असेल तर यावं, असं कळवलं. काकांच्या सेवापुस्तकात समज दिल्याची नोंद झाली आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. आता ते कीबोर्ड आणि प्रिंटर बदलून द्यायचं काम बघत. कक्षात गेले की बोलणं जरा कमी व्हायचं. त्यांना कुणी सर्व्हरकाका म्हणेना, नुसतं काका म्हणू लागले. नव्या मुलीनं एकदा पाण्याची बाटली पुढे केली, पण त्यांच्या डोळ्यांकडे न बघता.

निकालाची प्रत प्रत्येकाला देऊन सही घ्यायची होती. तळमजल्यावरची प्रत मी नेतो, असं काका शिपायाला म्हणाले.

आवाजबाईंनी ती उभ्यानं वाचली. दोनच पानं होती, पण त्यांनी हळू वाचली, ओळीखाली बोट धरून.

“कधी येताय वर?” काकांनी विचारलं.

“नाही येत. कळवलंय मी त्यांना.”

“का? आता तर सगळं...”

“फोन वाजला की आधी माझी नजर माझ्या हातांकडे जाते. अजूनही जाते. हे वाचूनही जाणार आहे, मला ठाऊक आहे.” त्या हे असं बोलल्या, जणू कुणाला पत्ता सांगत होत्या. “तिथं जे बसेल त्यानं पलीकडच्या माणसाकडे बघावं. स्वतःच्या हातांकडे बघत बसणारं माणूस तिथं नको.”

काकांनी कार्यालयाची प्रत हातातच धरून सहीचा कागद टेबलावर ठेवला.

“पेन आहे?”

काकांनी खिशातलं पेन काढून दिलं. आवाजबाई बसल्या, पण सहीच्या कागदाकडे वळल्या नाहीत. निकालाचं पहिलं पान त्यांनी समोर घेतलं. तिथं दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘संबंधित महिला कर्मचारी निर्दोष असल्याचे आढळले.’ त्यांनी ‘संबंधित महिला कर्मचारी’ या तीन शब्दांवर एक सरळ रेघ ओढली आणि वरच्या कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं आणि गोल.

मग तसंच त्यांनी काकांच्या हातातल्या कार्यालयाच्या प्रतीवरही लिहिलं.

काका ते वाचत उभे राहिले. त्यांना ते नाव माहीत नव्हतं.